जखम आधी, बाकी मागून

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं. कारखान्यात सगळे तिला कुलूपबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तीही "काय हवंय?" म्हणून वळून बघे. नाव पाडणाऱ्याला वाटलं होतं, बाई चिडेल. बाई उलट खूश झाली. त्यामुळे चिडवण्यातली मजा गेली आणि नाव तेवढं उरलं.

कारखाना म्हणजे तरी काय, एका लांबट इमारतीचा तळमजला. पुढे कार्यालयाची खोली, तिच्यामागे प्लास्टरची, तिच्यामागे घासकामाची, आणि सगळ्यात शेवटी एक उजेडाचा हॉल. हॉलमध्ये दोन समांतर कठडे आणि समोर भिंतभर आरसा. त्या कठड्यांना धरून माणसं चालायला शिकत. मोठी, घरसंसाराची, नोकरीधंद्याची माणसं, जी एकदा लहानपणी हे सगळं शिकून बसली होती. इथे कृत्रिम पाय बनत.

ज्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. उरलेला पाय नव्या पायाच्या वरच्या टोकाला एका खोलगट वाटीत बसतो. पावलं, नळ्या, सांधे तयार विकत मिळतात, वाटी मात्र ज्याची त्याची. ती केसभर चुकली तर माणूस दिवसभर आपलंच वजन आपल्या कातडीवर घासत हिंडतो. सकाळी लाली, दुपारी फोड, संध्याकाळी उघडी जखम. मधुमेह असेल तर बऱ्याचदा दुखतही नाही, आणि न दुखणारी जखम सगळ्यात वाईट.

कुलूपबाई इथे पहिल्यांदा आली ती आपल्या थोरल्या भावाला घेऊन. दादाचा पाय मालाच्या ट्रकखाली गेला होता, गुडघ्याच्या खाली. नवा पाय बसला, दादा काही दिवस मोठ्या झोकात चालला, आणि मग तापाने फणफणला. वाटी टोचत होती आणि त्याने ब्र काढला नव्हता. बहिणीलाही सांगितलं नव्हतं. कारखाना काढणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे बाबा म्हणत, ते दादाला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी बहिणीला बाजूला घेतलं.

"पाय करून घ्यायला माणूस आपणहून येतो, बाई. जखम दाखवायला येत नाही. लाज वाटते त्याला. वाटतं, यांनी एवढं करून दिलं आणि मलाच मेल्याला वापरता येईना. ती जखम आपण मागून घ्यायची असते."

"मग मागत का नाही तुम्ही?" ती म्हणाली. तोंड तेव्हाही तिखटच.

बाबा हसले. "मागायला माणूस नाही माझ्याकडे. येतेस?"

अशी तिची नोकरी लागली. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही हा विषय इथे नको, तिलाही तो कधी नको असायचा. दादाचं झालं होतं, वहिनी आजारपणात गेली, आणि दोन खोल्यांच्या घरात बहीणभाऊ दोघंच उरले. तो दिवसभर रेडिओ दुरुस्त करी आणि ती लोकांच्या जखमा मागून घेई.

कारखान्यात बाबांचा नियम एकच होता: जखम आधी, बाकी मागून. फोनवर कुणी 'जरा लाल झालंय' म्हणालं की हातातलं काम खाली. समोर पाहुणा असो, बँकेचा साहेब असो, तो थांबेल. कुलूपबाई तर वाट बघत बसायचीच नाही. आपणच फोन लावायची. "काय, बघितलंत का आज? आरशात बघा, मागच्या बाजूला. नाही, ठीक आहे म्हणू नका, बघा आणि सांगा." बायकोला न दाखवणारे पुरुष तिला दाखवत. सासूपुढे पायमोजा न काढणाऱ्या सुना तिच्यापुढे काढत. कातडी फाटायच्या आत माणसाने दाखवावं, एवढ्यासाठी ती आयुष्यभर झटली, आणि माणसं दाखवत. याहून मोठी कमाई तिच्याकडे नव्हती आणि तिला नकोही होती.

बाबा गेले, त्यांची मुलगी गादीवर आली. तिला सगळे ताई म्हणत. ताईंनी उरलेल्या पायाचं माप घेणारा स्कॅनर आणला, आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले प्लास्टरचे साचे संगणकात गेले, खरे मोडून टाकले. फोटो पाठवणं सोपं झाल्यावर जखमाही फोटोतून येऊ लागल्या. कुलूपबाईंनी (कधी कधी ताईही तिला अहोजाहो करत, विशेषतः काही मागायचं असलं की) तो सगळा कारभार अंगावर घेतला. प्रत्येक फोटो ती नाव आणि तारीख घालून त्या त्या माणसाच्या साच्याशेजारी ठेवी. कारागिराने पडद्यावर डावीकडे जखम बघायची, उजवीकडे साचा, आणि वाटी नेमकी कुठे घासायची ते ठरवायचं. पाच वर्षांपूर्वीचा फोटो मागा, क्षणात हजर. हे जपून ठेवलेलं किती दिवस ठेवायचं, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही. जपून ठेवणं ही वाईट सवय असू शकते असं कुणी शिकवतं का आपल्याला?

आणि ती कुलूपबाई झाली ती शेजारच्या गल्लीमुळे. तिथे पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक भला माणूस होता. त्याला कागद पुरवणाऱ्याच्या नावाने ईमेलवर पत्र आलं, 'आमचं बँकेतलं खातं बदललंय, यापुढे पैसे इथे भरा.' त्याने भरले. पत्र चोराचं होतं. तो माणूस स्वतःच्याच कारखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेला कुलूपबाईने येताजाता पाहिला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. संगणकावरच्या चोऱ्या कशा टाळायच्या याच्या एका दिवसाच्या वर्गाला ती जाऊन बसली, पहिल्या रांगेत, आणि शिकवणाऱ्याला तिने प्रश्न विचारून नकोसं केलं.

मग नियम सुरू झाले. खातं बदलल्याचं कुणी कळवलं तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, पत्रात दिलेल्या नंबरवर नाही. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि लांब. आत शिरताना मोबाइलवर येणारा आकडा कुणी विचारला तरी सांगायचा नाही, ताईंना सुद्धा. अनोळखी पत्राला चिकटवलेलं काही उघडायचं नाही. आणि रोज संध्याकाळी सगळ्या संगणकाची नक्कल हार्ड डिस्कच्या एका छोट्या डबीत उतरवायची, डबी उपटून पिशवीत टाकायची आणि घरी न्यायची. अशा डब्या दोन, आलटूनपालटून. घासकाम करणारा म्हणे, "बाई एक दिवस कपबशीलाही पासवर्ड लावणार." दादा घरी म्हणे, "त्या डबीची घेतेस तितकी काळजी माझी घेतलीस ना, तर माझा पाय पुन्हा उगवेल बघ."

"तू आधी आहे तो नीट धू," ती म्हणे.

या सगळ्या तटबंदीत एक दार मात्र उघडं होतं, आणि ते तिनेच ठेवलं होतं. जखमेचा फोटो कुणाकडूनही आला तरी उघडायचा. माणूस घाबरून शेजाऱ्याच्या मोबाइलवरून पाठवतो, मुलाच्या पत्त्यावरून पाठवतो, तिथे ओळख विचारत बसलं तर बाबांचा नियम राहिला कुठे? संगणकवाला, जो महिन्यातून एकदा येऊन यंत्रं तपासून जाई, तो हळू आवाजात म्हणाला होता, "मग फोटोंसाठी एक वेगळा संगणक ठेवा, बाकीच्यांशी न जोडलेला. घाण आलीच तर तिथेच राहील." ताईंनी तो घेऊनही दिला. कार्यालयात टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

पण फोटो पुढच्या खोलीत आणि साचा मागच्या. प्लास्टरने हात भरलेला कारागीर धावत पुढे येई, फोटो बघे, परत जाईपर्यंत नेमकी जागा विसरे, पुन्हा येई. एकदा अशा येरझाऱ्यांत एका म्हातारीची वाटी चुकीच्या कडेला घासली गेली आणि ती पुन्हा रक्त घेऊन आली. त्या दिवशी कुलूपबाई म्हणाली, "राहू दे तो कोपऱ्यातला शहाणा. जखमा साच्याच्याच संगणकावर उघडायच्या." फोटो वेगळ्या संगणकावरच उघडायचे हा नियम तिनेच लावला होता, तिनेच मोडला, आणि मोडताना तिला वाटलं आपण माणुसकीने वागलो. वागलीच होती. तेच तर दुःख आहे.

फोटो आला तो एका गवंड्याच्या नावाने. हा गवंडी जुनं गिऱ्हाईक. दिवसभर परांचीवर उभा, त्यामुळे त्याची कातडी सारखी कुरबुर करी. पत्रात एवढंच होतं, 'फार दुखतंय, फोटो बघा.' कुलूपबाईने हातातलं सोडून तो उघडला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि काहीच दिसलं नाही. फोटो बिघडला असेल म्हणून तिने लगेच त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. संध्याकाळी कुठे तो सापडला.

"मला? मला काय झालंय? उत्तम आहे पाय. आणि पत्रबित्र मला लिहिता तरी येतं का बाई, पोरगी करून देते सगळं."

त्याच्या ईमेलच्या पत्त्यावर कुणीतरी आधीच कब्जा केला होता, आणि त्याच्या जुन्या पत्रांतून कारखान्यातल्या माणसांना काय लिहिलं की ती डोळे झाकून दार उघडतात, हे वाचून घेतलं होतं. तिने लपवलं नाही, हे मुद्दाम सांगतो. तिने तारा उपटल्या, ताईंना सांगितलं, संगणकवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं, पासवर्ड बदलायला लावले, आणि म्हणाला, "काही दिसत नाहीये. लक्ष ठेवा." सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. ती मात्र त्यानंतर रोजची नक्कल जास्तच काटेकोरपणे काढू लागली. डोकं दुखो, ताप असो, एक संध्याकाळ चुकवली नाही.

मग एका सकाळी प्लास्टरवाल्याने साचा उघडायला बटण दाबलं आणि साच्याऐवजी पत्र आलं. मोठं सभ्य पत्र. नमस्कार, तुमच्या सगळ्या फायली आमच्याकडे सुरक्षित आहेत, घाबरू नका, अमुक इतकी रक्कम अमुक प्रकारे पाठवा. चोरसुद्धा हल्ली इतकं गोड बोलतात की जावई करून घ्यावा.

"डब्या आहेत माझ्याकडे," कुलूपबाई म्हणाली. त्या सकाळी फक्त तिचा चेहरा शांत होता. पिशवीतून तिने एक काढली, घरून दुसरी मागवली. दादा स्वतः रिक्षाने घेऊन आला. संगणकवाल्याने वेगळ्या यंत्राला पहिली लावली. मग दुसरी लावली. मग पुन्हा पहिली लावून बघितली.

"काय?"

"दोन्हींत तेच आहे. कुलूप लावलेलं."

"असं कसं? रोज काढत होते मी."

"म्हणूनच." त्याला सांगणं जड जात होतं. "त्यांनी एकदम नाही केलं. आधी जुने साचे घेतले, कुणी उघडत नाही असे. रोज थोडे थोडे. मग चालू साचे, पण त्यांची किल्ली काल रात्रीपर्यंत यंत्रातच ठेवली, म्हणून ते उघडत राहिले. तुम्ही रोज नक्कल काढत होतात, म्हणजे रोज चांगल्या प्रतीवर ही बिघडलेली प्रत चढत होती. एखादी जुनी डबी, वर्षभर हात न लावलेली, घरात कुठे धूळ खात पडली असती ना, तर आज..."

"माझ्या घरात काही धूळ खात नाही," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

साचे गेले. साचे जाणं म्हणजे नुसते आकार जाणं नव्हे. एकेका वाटीत वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या होत्या, इथे जरा सैल, तिथे कडा वळवलेली, माणसाने रडून, ओरडून, पुन्हा येऊन शिकवलेल्या. ते सगळं पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच फोडांतून. तरीही एवढ्यावर भागलं असतं तर हा कारखाना आणि ही बाई दोघंही कण्हतकुथत उभी राहिली असती.

दुसरं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, पैसे न दिल्यास फोटो उघड्यावर मांडू. आणि नमुन्यादाखल एक फोटो जोडला होता. खाली नाव, तारीख. कुलूपबाईने स्वतः घातलेली, शुद्ध आणि सुवाच्य.

पोलिसांत तक्रार नोंदवायला ताई आणि ती गेल्या तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, "चोर किती वाजता आले होते?" त्याचा दोष नव्हता, त्याच्या छापील रकान्यात तसंच होतं. वरच्या साहेबाने समजावून सांगितलं की पैसे दिले तरी ते शब्द पाळतील याची खात्री नाही. ताईंनी दिले नाहीत. द्यायचे नव्हते असं नाही, तेवढे नव्हतेच. फोटो उघड्यावर गेले.

ताई म्हणाल्या, "सगळ्यांना एक पत्र पाठवू या."

"पत्र नाही," कुलूपबाई म्हणाली. "मी मागून घेतले होते. मीच सांगते."

ती फोनला बसली. एक म्हातारा हसला, "माझी तंगडी बघून कोण काय घेणार गं बाई? बघू देत, घाबरतील." त्याच्या हसण्याने तिला रडू फुटलं. एकजण ओरडला, वकील करीन म्हणाला, आणि तेही तिला सोसलं. सोसलं नाही ते एका बाईचं बोलणं. ही बाई एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकाही माणसाला माहीत नव्हतं की तिचा एक पाय तिचा नाही. लांब झगे, खास बूट, आरशासमोर घटवलेली चाल, सगळं त्यासाठी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चेहरा दिसतो का हो माझा त्यात?"

"एकात दिसतो."

"तो तुम्हीच मागितला होतात. उभी राहिल्यावर खांदा कुठे झुकतो ते बघायला."

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, कुणी बघणार नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचाही आवाज आला नाही, बराच वेळ दुकानातल्या माणसांच्या बोलण्याचा नुसता गलका येत राहिला.

गवंडी स्वतः आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "माझ्या नावाने झालं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तुझी काही चूक नाही हे तिने त्याला चार प्रकारे सांगितलं. त्याला ते पटलं नाही आणि खरं म्हणजे तिचं सगळं चित्त, मग चूक कुणाची, या दुसऱ्याच प्रश्नात होतं. तिने कारागिराला हाक मारून त्याचा पाय तपासून घ्यायला सांगितलं. तो "नको, नको, ठीक आहे" म्हणत निघून गेला.

त्यानंतर मात्र सगळं कसं चोख झालं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. कोपऱ्यातला वेगळा संगणक उचलून मागच्या खोलीत साच्याशेजारी नेला, कुणाशीही न जोडता. इतकं सोपं होतं, एक टेबल सरकवायचं होतं, आणि ते आधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नकलांच्या जुन्या डब्या आता पुसायच्या नाहीत, ठराविक काळाने एक बाजूला काढून बँकेच्या तिजोरीत ठेवायची. महिन्यातून एकदा ती नक्कल खरंच उघडते का ते बघायचं. आणि फोटो बघून वाटी दुरुस्त झाली की तिथल्या तिथे पुसून टाकायचा. हे शेवटचं संगणकवाल्याने फार हळुवारपणे सांगितलं. "बाई, जे आपण ठेवलंच नाही ते कुणी चोरू शकत नाही."

"हे आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं तुम्ही ठेवता," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

तर आता कारखाना सुरक्षित होता. कुणीही येऊन तपासावं आणि शाबासकी द्यावी इतका. फक्त फोटो येईनात. पहिल्यांदा तिला वाटलं, लोक चिडले आहेत, निवळतील. साचे नव्याने घ्यायला माणसं येत होती, कठड्यांना धरून चालत होती, पाय घेऊन जात होती. पण जखम कुणी दाखवत नव्हतं. ती फोन करी, "बघितलंत का आज?" आणि पलीकडून लगेच येई, "हो हो, अगदी ठीक आहे." हे 'अगदी ठीक' ती इतकी वर्षं ऐकत आली होती, त्याचा सूर तिला पाठ होता. पूर्वी ती म्हणायची, ठीक म्हणू नका, दाखवा. आता ती 'दाखवा' म्हणत नसे. कोणत्या तोंडाने म्हणणार?

दोघं-तिघं थेट इस्पितळात भरती झाल्याचं नंतर कळलं. गल्ल्यावरच्या बाईने नोकरी सोडल्याचंही कळलं. ताई म्हणत, "बाई, आपण निभावलं, दुसऱ्या कुणाचं दुकानच बंद झालं असतं." ती मान हलवी. तिला वाटे, झालं असतं तर बरं झालं असतं. निदान लोक दुसरीकडे तरी गेले असते दाखवायला.

घरी दादाने मात्र सगळ्याची थट्टाच केली होती. उघड्यावर गेलेल्यांत त्याचेही फोटो होते, घरच्याच माणसाचे तिने सगळ्यात जास्त काढले होते. "चला, प्रसिद्ध झालो एकदाचा," तो म्हणाला होता. "आता सही मागायला लोक येतील." ती हसली होती. त्या दिवसांत तिला हसवणारा तो एकटाच होता, म्हणून तिने ते हसणं जसंच्या तसं घेतलं, आत काय आहे ते बघितलं नाही. तो संध्याकाळचं फिरणं बंद करून बसला. "रेडिओंचं काम वाढलंय," म्हणाला. तिने ऐकलं. तिच्या कानाशी तेव्हा सतत फोन असे, दुसऱ्यांच्या पायांची चौकशी करणारा.

एका सुट्टीच्या दुपारी ती बाजारातून लवकर परतली. दादा पलंगावर बसला होता, पाय काढून बाजूला उभा केलेला, आणि मांडीवर टॉवेल. तिला बघून त्याने टॉवेल पुढे ओढला. खोलीत वास होता. तो वास तिला ओळखायला शिकवायची गरज नव्हती. तिने टॉवेल बाजूला केला. तिने हयातीत जेवढ्या जखमा पाहिल्या होत्या त्यात इतकी जुनी, इतकी दाबून ठेवलेली एकही नव्हती. वर त्याने स्वतःच कापड बांधलं होतं, रेडिओची तार गुंडाळतात तसं, नीटनेटकं.

इस्पितळात डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की आता गुडघा वाचणार नाही. वरून काढावा लागेल. थोडं आधी आणलं असतं तर, हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ही पद्धत तिला ठाऊक होती, तीही लोकांपुढे ते वाक्य कधी पूर्ण करत नसे.

ती आत जाऊन त्याच्या उशाशी बसली.

"दादा, एका घरात राहतो आपण."

"हं."

"सगळ्या गावाला विचारत हिंडले मी. तू मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?"

तो छताकडे बघत होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि लहानपणी पडल्यावर तिची समजूत घालायचा त्याच आवाजात म्हणाला, "सांगणार होतो गं. कितीदा तोंडावर आलं. पण तू फोटो काढला असतास. आणि जपून ठेवला असतास."

त्याला न्यायला माणसं आली. ढकलगाडी वळवताना पायावरची चादर जराशी सरकली, आणि दादाने मान उचलून ती स्वतःच्या हाताने पुन्हा नीट ओढून घेतली, तिला काही दिसू नये अशी.